चाकू आणि चारित्र्य

आमच्या कॉलनीत माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक, मी बँकेत कारकून असूनही माणूस बरा आहे. दुसरं, मी बरा दिसत असूनही माझ्याकडे नऊ चाकू आहेत. पहिलं मत आमच्या सासूबाईंचं. त्या अकोल्याला राहतात. दुसरं बाकी सगळ्यांचं.

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला लोक व्यासंगी म्हणतात. जुनी नाणी जमवली तर माणूस इतिहासप्रेमी ठरतो. रिकाम्या बाटल्या रंगवून त्यात मनीप्लांट सोडला तर बायकांच्या मंडळात सत्कार होतो, बाटल्या रिकाम्या कोणी केल्या हे कोणी विचारत नाही. पण ‘मी चाकू जमवतो’ म्हटलं की ऐकणारा आधी एक पाऊल मागे सरतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, “घरी सगळं ठीक आहे ना?”

प्रस्तुत लेख त्या मागे सरणाऱ्या पावलाविरुद्ध आहे. शेजाऱ्यांनी मनाला लावून घ्यावा म्हणूनच लिहिला आहे.

आधी कायदा सांगतो, कारण बी. कॉम.ला आम्हाला व्यापारी कायदा होता आणि तेव्हापासून कायद्याचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो हे मला ठाऊक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत हत्यार ठरायला पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद लागतं, आणि त्यातूनही घरकामाच्या, शेतीच्या सुऱ्या वगळल्या आहेत. माझ्या सगळ्यात मोठ्या चाकूचं पातं ८.५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंचांनाही कमी. शस्त्र या पदावर बढती मिळायला त्याला अजून साडेपाच इंचांहून जास्त वाढावं लागेल. माझी स्वतःची बढती ज्या गतीने चालली आहे ती पाहता दोघांचंही होणं कठीण दिसतं. सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम ३७चा हुकूम निघाला की मी नऊही चाकू कपाटात ठेवतो आणि किल्ली सौभाग्यवतींकडे देतो. तेवढे दिवस आंबा दाताने सोलतो. यापेक्षा कायदाप्रेमी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दाखवा.

तरीही चाकू बदनाम. ही बदनामी कोणी केली? हिंदी सिनेमाने. १९६५च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने चाकूवरून एक डायलॉग काय म्हटला, पुढे तीस वर्षं प्रत्येक खलनायकाच्या खिशात रामपुरी आला. खटका दाबला की ‘खट्’ आवाज, पात्यावर बल्बचा उजेड आणि भिंतीला टेकलेली नायिका. त्या आवाजाने रामपूरच्या कारागिरांचं काय भलं झालं? २०२३ साली त्या गावात एका चौकात २० फुटी चाकू उभा केला. जिवंतपणी ज्याला कोणी विचारलं नाही त्याचा पुतळा करायचा, ही आपली रीत माणसांपुरती होती. आता अवजारांनाही लागू झाली.

वास्तविक चाकू हे गुंडाचं नव्हे, कारकुनाचं अवजार. बोरूने लिहीत होते त्या काळात कलमदानात दौत, बोरू आणि चाकू ही मंडळी एकत्र नांदत. बोरू बोथट झाला की टोक तासायचं, आडवा छेद द्यायचा, पुढे हिशेब चालू. इंग्रजांकडेही तेच. पेन-नाईफ हे नाव पिसाची लेखणी तासण्यावरून आलं. म्हणजे बँकेतल्या कारकुनाच्या खिशात चाकू नसणं हीच खरी शंका घेण्याजोगी गोष्ट. रिझर्व्ह बँकेने २००१ सालीच नोटांच्या पुडक्यांना पिना टोचायला मनाई केली, तरी आमच्याकडे टोचलेली पुडकी पुढे कित्येक वर्षं येत होती. त्या पिना कोणी उचकटल्या? याच चाकूने. स्टेशनरीच्या गठ्ठ्याची सुतळी कोण कापतो? आमचे साहेब चाकूकडे पाहून नाक मुरडतात, आणि पार्सल आलं की बेल वाजवून “तुमचं ते आणा जरा” म्हणतात. ‘ते’! नाव घ्यायलासुद्धा लाज.

आता माझे चाकू. ते सगळे परदेशी आहेत आणि सगळे स्वस्त आहेत. लोकांना या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही. फॉरेनचा माल म्हणजे महाग, ही समजूत अजून पक्की आहे. पण हे तिकडच्या साहेबांचे चाकू नाहीत, तिकडच्या गरिबांचे आहेत. गुराख्यांचे, शेतकऱ्यांचे, शाळकरी पोरांचे. माझ्या कुठल्याही एका चाकूची किंमत आमच्या साहेबांच्या बुटापेक्षा कमी आहे. बूट म्हणजे जोड नव्हे, एका पायातला.

पहिला आला तो फ्रान्सचा ओपिनेल. भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, कंपनीने त्याला पंधरा दिवस तिकडे पाठवलं. सगळ्यांना चॉकलेटं आणली, मला हा. सव्हॉय म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथे जोसेफ ओपिनेल नावाच्या पोराने १८९०च्या सुमारास हा चाकू केला. घराणं विळे-कुऱ्हाडी घडवणारं, म्हणजे आपल्या भाषेत लोहाराचं. बीचच्या लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा. आकार सुरुवातीला १ ते १२ नंबरांत, बनियनसारखे. पुढे १९५५ साली मानेवर एक फिरती कडी बसवली, की पातं बोटावर मिटू नये. बस्स. सव्वाशे वर्षांत मोठा बदल तो एवढाच. आमच्या बँकेचं पासबुकसुद्धा माझ्या नोकरीत चारदा बदललं.

ओपिनेलला एक खोड आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत रुसून बसतं. तिकडचे लोक मुठीचं बूड टेबलावर आपटतात, की पातं थोडं डोकं वर काढतं. हा उपाय मी जुलैत एकदा काउंटरवर केला. पीककर्जाच्या रांगेतले पुढचे तीन जण मागे सरले आणि चौथ्याने हात जोडून सांगितलं, “साहेब, भरतो ना मी हप्ता, येवढं काहाले?” त्या दिवशी वसुली चांगली झाली, पण साहेबांनी मेमो द्यायचा तेवढा बाकी ठेवला.

दुसरा जपानचा हिगोनोकामी. पत्र्याची दुमडलेली मूठ, पात्याच्या मागे एक शेपटी; शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, कडी नाही, स्प्रिंग नाही. मिकी नावाच्या गावी १८९०च्या दशकात सुरू झाला. नावाचा अर्थ हिगो प्रांताचा सुभेदार. एवढा मोठा हुद्दा, आणि काम काय, तर शाळेतल्या मुलांच्या पेन्सिली तासणं! पण १९६०मध्ये तिकडे एका पोरसवदा माणसाने छोट्या तलवारीने एका पुढाऱ्याचा खून केला, आणि देशभर मोहीम निघाली की मुलांच्या हाती चाकू नको. गुन्हा तलवारीचा, शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला. कारखाने पटापट बंद झाले. ते नाव लावायचा हक्क असलेला कारखानदार आता एकच उरला आहे. हे वाचल्यापासून मी त्या चाकूला जरा जपतो.

बाकीचे थोडक्यात सांगतो. फ्रान्समधल्याच थियेर गावचा, १९२९पासून निघणारा डूक-डूक. त्याच्या पत्र्याच्या मुठीवर दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचा एक देव नाचतो आणि पातं उघडताना आपलं नख. जर्मनीतल्या झोलिंगेनचा काळा, मुठीवर उडी मारणारी मांजर. आणि स्वित्झर्लंडचा एक छोटा लाल. त्याच्या मालकाने आधी आईच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’ नाव ठेवलं आणि १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडलं गेलं. आपल्याकडे आईचं नाव ट्रकच्या कपाळावर येतं, तिकडे चाकूवर आलं, भाव तोच.

या सगळ्यांची मी परीक्षा घेतो. विषय ठरलेले: पेन्सिल, पोत्याची सुतळी, जाम (पुणेकरांसाठी: पेरू), कैरी आणि बांबूची काडी. मार्कांची वही आहे. कैरीने साध्या पोलादाचे चाकू काळे पडतात, म्हणून सौभाग्यवतींनी त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं आहे. वहीच्या मागच्या पानावर खरेदीची किंमत आणि घसारा लिहितो. कॉमर्सला घसारा शिकलो तेव्हा तो नुसता कागदावरचा वाटायचा. तो खरोखर घासून होतो, हे दगडावर धार लावताना कळलं.

आता माझे मुख्य प्रतिपक्षी, आमच्या शेजारचे प्राध्यापक. त्यांचा आक्षेप वरच्या दर्जाचा आहे. ते म्हणतात, “कापूस नेऊन यांनी आपल्याला नागवलं. ती शकुंतला रेल्वे कशासाठी टाकली होती? यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला आणि तिथून पुढे विलायतेला. आणि तुम्ही त्यांचेच चाकू विकत घेता? स्वदेशी घ्या, लोहाराकडून घ्या.”

मी म्हटलं, सर, फ्रान्सच्या गुराख्याने आपला कापूस नेला नाही. शिवाय चाकू हा शब्दच फारसीतून आयात झालेला आहे, त्याचं काय करता? ते म्हणाले, “तुम्ही विषयांतर करता.” मुद्दा बिनतोड असला की प्राध्यापक असंच म्हणतात.

पण बोलणं मनाला लागलं. मी पुढच्याच रविवारी ओपिनेल खिशात टाकून आर्णीकडच्या एका गावच्या आठवडी बाजारात गेलो. टोकाला, गुरांच्या बाजाराजवळ, एक लोहारकाका बसतात. विळे, कोयते, सराते, डवऱ्याच्या पासा. त्यांच्या हातात चाकू दिला. त्यांनी पातं नखावर टेकवलं, टिचकी मारून आवाज ऐकला.

“पानी चांगलं देल्लं हाये,” ते म्हणाले. “लाकूड कच्चं हाये. कोनाचा हाये?”

“फ्रान्सच्या शेतकऱ्याचा.”

“तिथंबी शेतकरी हायेत? कर्जमाफी भेटते का त्याइले?”

हा प्रश्न बँकेच्या माणसाला विचारायचा नसतो. मी विषय बदलला. “काका, असा मिटणारा तुम्ही कराल?”

“माहा बाप करे. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, बाभळीची मूठ. पोळ्याच्या बाजारात इकाचे तीस-चाळीस. आता मी बसलो तं दिवस जाते. दिवसाचे पाचशे धरा. आन् थ्या प्लास्टिकच्या मुठीचा चायनावाला चाळीसले भेटते. घेनार कोन, तुमी सांगा.”

मी काय सांगणार? मला आठवला तो मागचा उन्हाळा. आमचे स्वदेशी प्राध्यापक याच काकांशी विळ्यासाठी वीस मिनिटं घासाघीस करत होते. दीडशेचा एकशे वीसला घेतला आणि कॉलनीत येऊन सांगितला. तेच गृहस्थ नागपूरच्या विमानतळावर कॉफीचे तीनशे देऊन वर ‘थँक्यू’ म्हणून येतात. स्वदेशीचा हा हिशेब मला कॉमर्सचा पदवीधर असून कळत नाही. सव्हॉयचा लोहार टिकला, कारण त्याच्या गावच्या माणसाला खिशात चाकू ठेवायची लाज वाटली नाही. आमच्या लोहाराच्या बापाचा चाकू मेला तो आयातीने नव्हे. पांढरे कपडे घातल्यावर आपल्याला खिशात फक्त पेन शोभतं, म्हणून मेला. आणि मेला तेव्हा कोणी एक नमुनासुद्धा ठेवला नाही. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, फणी-करंड्याच्या पेट्या जमवल्या म्हणून त्या आज संग्रहालयात काचेमागे दिसतात. ते गोळा करत होते तेव्हा त्यांच्याही शेजारी एखादा प्राध्यापक असेलच. मी केळकर नाही, माझं कपाटही गोदरेजचं नाही. पण काकांच्या बापाचा एक चाकू मला मिळता तर मी हे नऊही देऊन टाकले असते.

पाचशे रुपये मी काकांना आगाऊ दिले. ओपिनेलही नमुन्याला ठेवला. तिसऱ्या रविवारी त्यांनी धुडक्यात गुंडाळलेला चाकू दिला. पाट्याचं पोलाद, बाभळीची मूठ, पितळेचा खिळा. घेऊन बघताच अंगठ्याचं कातडं गेलं, इतकी धार. एकच उणं: पुरता मिटत नाही, टोक दोन सूत बाहेर राहतं. काका म्हणाले, “बापाचा हात नाही ना बाप्पा. दुसरा जमन.” दुसऱ्याचेही पैसे देऊन आलो. वहीत याला सुतळीत पहिला नंबर, बांबूत पहिला, मिटण्यात नापास. कैरीचा पेपर सौभाग्यवतींनी होऊ दिला नाही.

परवा प्राध्यापकांकडे भलंमोठं पार्सल आलं. प्लास्टिकच्या पट्ट्या, चार पदरी टेप. कात्रीने होईना, दाताने होईना. शेवटी कुंपणावरून हाक आली.

“अहो, तुमचा तो एखादा चाकू देता का जरा? कुठलाही चालेल.”

मी दहावा नेऊन दिला. म्हटलं, “जपून हं सर. स्वदेशी आहे.”