विमान आणि रेल्वे एकमेकांना ओळखत नाहीत



गेल्या आठवड्यात केसनंद फाट्याजवळच्या आमच्या एक शेजारीण घरी आल्या. पती-पत्नी आणि सासूबाई, असे तिघे उमऱ्याला निघाले आहेत. त्यांनी विचारलं, “तुम्ही जद्द्याच्या विमानतळावरून ट्रेनने मदीनेला गेला होतात ना? आम्हीही तेच करू का?” आम्ही चहा ठेवला आणि आधी आमची चूक सांगितली. तीच इथे सांगतो.

आमचं विमान मुंबईहून सकाळी साडेसहाचं होतं. आदल्या रात्री साडेनऊला वाघोली सोडली. खराडीपर्यंतची गर्दी, पुढे द्रुतगती मार्गावरचा घाट, असं करत दोन वाजता विमानतळावर पोहोचलो. जद्द्याला सकाळी नऊ वीसला उतरणार होतो, म्हणून घरबसल्या अकराची ट्रेन काढून ठेवली होती. मध्ये एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे भरपूर वेळ, असं वाटलं.

विमान वेळेवर उतरलं. पण अम्मींना व्हीलचेअर लागते, त्यामुळे सगळ्यांत शेवटी बाहेर पडलो. पासपोर्टच्या रांगेत तास गेला. बॅगा मिळेपर्यंत अकरा वाजून गेले. वर कळलं की रेल्वे स्टेशन टर्मिनल १ ला लागून आहे आणि आम्ही उतरलो होतो दुसऱ्याच टर्मिनलवर. ट्रेन गेली, पैसेही गेले. पुढच्या गाड्या भरलेल्या होत्या. जागा मिळाली ती दुपारी चारच्या गाडीत. घर सोडून एकवीस तास झाले होते आणि अम्मी खुर्चीतच होत्या. आम्ही एकमेकांवर चिडलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, “गाडी सुटली म्हणून भांडू नका. नबींच्या शहरात जायचंय, तिथे भांडून जातात का?” रात्री त्यांचे सुजलेले पाय दाबताना आम्हाला आमच्या हिशेबाची लाज वाटली.

चूक कुठे झाली? विमानाचं तिकीट आणि ट्रेनचं तिकीट हे दोन वेगळे व्यवहार आहेत. विमानाला उशीर झाला तर ट्रेन थांबत नाही, आणि ट्रेन चुकली तर विमान कंपनी जबाबदार नसते. दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. मधला वेळ आपणच राखायचा असतो.

म्हणून हिशेब उलटा करावा, आधी ट्रेन आणि मग घर. विमान उतरण्याची वेळ आणि ट्रेन यांत किमान साडेतीन ते चार तास ठेवा. सोबत वृद्ध असतील, रमजान असेल, तर त्याहून जास्त. आपलं विमान कोणत्या टर्मिनलला उतरतं ते आधीच विचारा. दुसऱ्या टर्मिनलवरून बस किंवा टॅक्सीने टर्मिनल १ ला यावं लागतं. तिकिटावरच्या वेळा तिथल्या असतात आणि सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हेही धरा. मध्यरात्रीनंतर उतरत असाल तर आधी गाड्यांचं वेळापत्रक पाहा. ट्रेनच्या तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर अगदी पासपोर्टप्रमाणेच लिहा. वाघोलीहून मुंबईसाठी पाच तास धरा, शनिवार-रविवारी सहा. लोहगाव जवळ आहे म्हणून तिथून निघालात, तर पुढच्या विमानासह एकच तिकीट घ्या. दोन वेगळी तिकिटं घेतली तर हीच अडचण पुन्हा उभी राहते.

ही हरमैन द्रुतगती रेल्वे २०१८ साली सुरू झाली. सुमारे ४५० किलोमीटरची ही वाट मक्का, जद्दा आणि मदीना यांना जोडते आणि गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. मदीनेला जायचं असेल तर ती खरोखर नेमत आहे. बसने पाच-सहा तास लागतात, विमानतळावरून ट्रेनने साधारण दोन. पण जद्द्याहून थेट मक्केला जायचं आणि सोबत वयस्कर माणूस असेल, तर आमचं मत टॅक्सीला. मक्केचं स्टेशन रुसैफा भागात आहे, हरमपासून काही किलोमीटर दूर. तिथून पुन्हा टॅक्सी करावीच लागते, पुन्हा बॅगा उचलाव्या लागतात.

एहरामचाही विचार आधीच करा. थेट उमऱ्याला जाणाऱ्यांची मीकात जद्द्याच्या आधी, विमानातच येते. विमानतळावर उतरून एहराम बांधू, असं ठरवू नका. आधी मदीनेला जाणार असाल तर तेव्हा एहराम नाही, पण मदीनेहून मक्केला ट्रेनने निघताना लक्ष ठेवा. बस जुल-हुलैफाला थांबते, ट्रेन थांबत नाही. गुसल आणि एहराम हॉटेलातूनच करून निघा. नियत नेमकी कधी करायची ते आपल्या आलिमांना इथूनच विचारून जा.

मदीनेला रेल्वे नवी नाही. १९०८ साली दमास्कसहून हिजाज रेल्वे तिथे पोहोचली होती. तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही चंदा दिला होता. पहिल्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि मदीनेची गाडी बंद पडली. आमचे नाना तर मुंबईहून जहाजाने गेले होते. ती हज जहाजं १९९५ पर्यंत चालली. आठवडाभर समुद्रात काढणाऱ्या त्या लोकांना एक-दोन तास वाचवायची घाई नव्हती. ती घाई आम्हाला होती.

उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आमचा उंट मोकळाच राहिला होता. शेजारणीने अकराऐवजी दुपारी दोनची गाडी घ्यायचं ठरवलं. म्हणाल्या, “तीन तास बसून राहू, पण सासूबाईंना पळवणार नाही.”

अल्लाह त्यांचा आणि आपणा सर्वांचा सफर आसान करो. आमीन.