एकाच खिडकीतून

पावसाळा सरत आला की हौशी छायाचित्रकारांचे ताफे कासच्या पठाराकडे निघतात. थंडी पडली की भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी पहाटेच्या होड्या ठरवल्या जातात. दोन्हीकडे जरूर जावं, ती ठिकाणं आहेतच तशी. पण रविवारी रात्री कपाटात गेलेला कॅमेरा मग पुढच्या सहलीपर्यंत बाहेर निघत नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘घरी बसून कसले फोटो काढणार?’

या प्रश्नाचं उत्तर छायाचित्रकलेच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आजवर टिकून राहिलेलं सर्वांत जुनं छायाचित्र फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स यांचं, १८२६-२७च्या सुमाराचं. त्यात काय आहे? त्यांच्या घराच्या माडीवरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती. धातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन तो कॅमेऱ्यात कित्येक तास ठेवावा लागला. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकाच वेळी ऊन दिसतं. पुढे १८३५च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी टपालाच्या तिकिटाएवढी निगेटिव्ह तयार केली. टिकून राहिलेल्या निगेटिव्ह्जमध्ये ती सर्वांत जुनी. तिच्यावरही त्यांच्या लॅकॉक इथल्या राहत्या वास्तूतली जाळीदार खिडकीच आहे. घरभर मांडून ठेवलेल्या त्यांच्या इवल्याशा लाकडी कॅमेऱ्यांना त्यांची बायको उंदराचे सापळे म्हणायची.

मात्र खिडकीचं सोनं केलं ते प्रागच्या योसेफ सुदेक यांनी. १८९६ सालचा जन्म, शिक्षण पुस्तकबांधणीचं. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाले आणि उजवा हात गमावून बसले. बांधणीचं काम संपलं, हाती राहिला कॅमेरा. १९२०च्या दशकात त्यांनी एका इमारतीच्या मागच्या अंगणातलं छोटंसं लाकडी घर स्टुडिओ म्हणून घेतलं. १९३९मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि रस्त्यात तिपाई मांडून निवांत उभं राहणं अवघड झालं. तेव्हा, १९४०पासून, सुदेक यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. ते काम १९५४पर्यंत चाललं. युद्ध संपलं तरी ते थांबले नाहीत, यावरून त्या खिडकीने त्यांना किती धरून ठेवलं होतं ते समजतं.

बाहेर एक वाकडंतिकडं झाड. काचेवर कधी दव, कधी बर्फाची नक्षी, कधी ओघळणारं पाणी. आत खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला, एखादं फूल, पावाचा तुकडा. बस, एवढंच सामान. १९४०पासूनच त्यांनी निगेटिव्ह मोठी करून छापणं जवळपास सोडून दिलं. निगेटिव्ह कागदाला थेट भिडवायची, जेवढी ती तेवढाच फोटो. म्हणजे नंतर कडा कापून चूक झाकायची सोय नाही, जे हवं ते आधीच चौकटीत बसवायचं. आणि हे सगळं एका हाताने, जडशीळ पेटी-कॅमेरा सांभाळत.

हौशी माणसाने सुदेक यांच्याकडून घ्यावी ती ही पद्धत. जागा ठरलेली, चौकट ठरलेली, झाडही तेच. बदलायला उरतो फक्त प्रकाश. तो वाचायला शिकणं हेच या छंदातलं खरं शिक्षण. सहलीत ते जमत नाही, कारण तिथे एकाच वेळी सगळंच नवं असतं आणि फोटो चांगला आला तो जागेमुळे की उजेडामुळे, हे समजायला वाव नसतो.

आपल्याकडच्या खिडक्यांना तर सुदेकना न मिळालेलं एक भाग्य आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे थंडीत ज्या उत्तरेच्या खिडकीत उन्हाचा कवडसाही येत नाही, तिथे जूनमध्ये ढग फाटले की सकाळ-संध्याकाळ चक्क ऊन उतरतं. डिसेंबरच्या शेवटी उलटा प्रकार. दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. ग्रिलची सावली फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढते.

अशा वेळी स्वयंपाकघरात उभं राहावं. ओट्यावर चहाचं आधण उकळतंय, खिडकी पातेल्याच्या पलीकडे आहे आणि मागे काळपट भिंत आहे, तर वाफेचा एकेक पदर सुटा दिसतो. उजेड पाठीमागून आला आणि मागचा भाग गडद असला तरच वाफ दिसते. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असेल तर तीच वाफ जवळजवळ नाहीशी होते. मोबाइलचा कॅमेरा इथे फसतो. खोलीचा अंधार पाहून तो सगळंच उजळ करतो आणि खिडकी पांढरीफटक पडते. स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली की वाफही राहते आणि स्टीलच्या पेल्याच्या कडेवरची चकाकीही.

पावसात काचेवरचे थेंब टिपावेत. प्रत्येक थेंब छोट्या भिंगाचं काम करतो, त्यात समोरची इमारत उलटी दिसते. फोकस थेंबावर धरला की मागची इमारत पुसट होते आणि थेंबातली मात्र स्पष्ट राहते. समोरच्यांच्या घरात डोकावणारे फोटो मात्र काढू नयेत, त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

सुदेक यांच्यासारखेच खिडकीत रमलेले आंद्रे कर्टेश हे व्यवसायाने नावाजलेले छायाचित्रकार, पण उतारवयातलं त्यांचं काम कुठल्याही हौशी माणसाला आपलं वाटेल असं आहे. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ बाराव्या मजल्यावर ते १९५२पासून राहत. १९७७मध्ये पत्नी एलिझाबेथ गेल्या. पुढे एका दुकानात त्यांना काचेचा अर्धपुतळा दिसला. मानेची, खांद्यांची ठेवण एलिझाबेथ यांच्यासारखी वाटली म्हणून तो त्यांनी विकत घेतला, खिडकीत ठेवला आणि साध्या पोलरॉइड कॅमेऱ्याने त्याचे रंगीत फोटो काढत राहिले. काचेतून आरपार जाणारा सकाळ-संध्याकाळचा उजेड आणि मागे शहराच्या इमारती. या फोटोंचं पुस्तक १९८१मध्ये निघालं तेव्हा कर्टेश ८७ वर्षांचे होते.

सुरुवात करायची तर घरातली एक खिडकी निवडावी आणि वर्षभर तिच्याशी इमान राखावं. आवडलेल्या फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून काढून घ्याव्यात. प्रत्येकीच्या मागे तारीख, वेळ आणि आभाळ कसं होतं ते लिहावं. मोबाइलमध्ये तारीख राहते हे खरं, पण चार महिन्यांचे फोटो सतरंजीवर शेजारी शेजारी मांडल्यावर उजेडाचा प्रवास जसा दिसतो तसा तो स्क्रीनवर दिसत नाही. शिवाय पुढच्या डिसेंबरात ओट्यावरचं ते ऊन हवं असेल, तर किती वाजता कॅमेरा घेऊन उभं राहायचं हे त्या मागच्या नोंदींवरून लगेच समजतं.