कॉफीचा चोथा कुंडीत नको

चहाचा चोथा गुलाबाला घालावा, हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. आता फिल्टर आणि फ्रेंच प्रेस घरोघरी आल्यावर तोच मान कॉफीच्या चोथ्याला मिळू लागला आहे. (इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल, त्यांच्याकडे चोथा उरतच नाही.) फेकण्याऐवजी वापरावे, यात वावगे काही नाही. वाद आहे तो कुठे वापरावे याचा.

चोथ्याची बाजू लंगडी नाही. भाजलेल्या कॉफीचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो, बाकी सगळे फिल्टरमध्येच राहते. वाळलेल्या चोथ्यात साधारण २ टक्के नत्र असते. आपल्या फिल्टर कॉफीत दूध-साखर डिकॉक्शन गाळल्यावर पडते, त्यामुळे चहाच्या चोथ्यासारखे धुणे नको आणि मुंग्यांची रांगही नको. एवढा माल डंपिंग ग्राउंडवर गेला, तर ढिगाखाली हवेवाचून कुजून मिथेनच सोडणार.

पण तो ताजा ताजा कुंडीत टाकणे वेगळे. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल चोथा मिसळलेल्या मातीत लावून पाहिले. मातीत पाणी जास्त धरून राहिले, तणही कमी उगवले. मात्र लावलेली रोपेही खुरटली, आणि वेगळे खत देऊनही सावरली नाहीत. कच्च्या चोथ्यात रोपाला बाधणारे काहीतरी असते, असा त्याचा अर्थ. कॅफीन हा त्यातला ठळक संशयित. आपल्याकडच्या पुडीत चिकोरी मिसळलेली असते, कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि चिकोरीत कॅफीन नसते. म्हणून आपला चोथा थोडा सौम्य असेल; निर्धोक म्हणवत नाही.

शिवाय त्याचा बारीकपणा. चहाची पत्ती फुगून मोकळी राहते, कॉफीचा चोथा मात्र दाबून बसतो. बाल्कनीतल्या कुंडीत बोटभर थर द्या आणि उन्हात राहू द्या: वर पापडासारखी खपली धरते, पाणी तिच्यावर साचते आणि कडेने निसटून ताटलीत उतरते. माती आत कोरडीच. माती आम्ल व्हावी म्हणून जास्वंदीला किंवा कढीपत्त्याला तो घालणाऱ्यांचीही निराशाच आहे, कारण आम्लाचा बराचसा भाग आधीच कपात उतरलेला असतो. गोगलगायींना अडवायला तो कुंडीभोवती घालणाऱ्यांचेही तेच. २००२ साली हवाईतल्या प्रयोगांत त्या मेल्या त्या १-२ टक्के कॅफीनच्या फवाऱ्याने. उकळून निचरलेल्या चोथ्याचे रिंगण त्यांना कितपत अडवणार, आणि पहिल्या सरीत ते टिकणार तरी किती?

घरातले बाकीचे उपयोग किरकोळ. फ्रिजमधला वास थोडा कमी होतो, पण चोथा खडखडीत वाळलेला हवा. पावसाळ्यात वाळेपर्यंत त्यावर बुरशी येते. करपलेली कढई घासायला बरा, फक्त नंतर तो सिंकमध्ये सोडू नका. तो विरघळत नाही, खालच्या वळणात जाऊन बसतो. घरात कुत्रा असेल तर चोथा त्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. कॅफीन त्याला विषच.

आमचे मत खताच्या डब्याच्या बाजूने आहे. रंगाने तपकिरी असला तरी खताच्या हिशेबात चोथा ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांच्या पंक्तीला बसतो. एकूण ढिगाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको आणि वर भरपूर सुका पाला हवा. काही महिन्यांत कुजून झाला की मग खुशाल गुलाबाला द्या.

घरातला चमचा-दोन चमचे चोथा यात सहज जिरतो. खरा प्रश्न कॅफेंच्या बादल्यांचा आहे. अमेरिकेत स्टारबक्स १९९५ पासून बागवाल्यांना चोथा फुकट देते. आपल्या कॅफेंनी तसे केले, तर सोसायट्यांनी तो जरूर घ्यावा, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हाताशी असेल तरच. आणि तोच आपण आधी घालवून बसतो: माघ-फाल्गुनात बदामाची पाने गोणीत कोंबून कचऱ्याच्या गाडीत चढवली जातात किंवा कोपऱ्यात पेटवली जातात. कॅफेत बादली घेऊन जाण्याआधी त्यातल्या चार गोण्या जिन्याखाली ठेवून घ्याव्यात.