मोजून काय मिळणार?

मी बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारले होते, "मराठी घेऊन पुढे काय करणार?" प्रश्न मला नवा नव्हता. लहानपणी सुट्टीत घाटकोपरला आजोळी गेले की माझ्या मामाला रोज हाच प्रश्न ऐकावा लागे. विचारणारी मात्र आजी असे. "अरे, रात्रभर ते यंत्र घरघरतंय. मोजून काय मिळणार तुला?"

मामा काय मोजत होता ते सांगते. बुद्धिबळाच्या डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळ्या शक्य असतात : प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोन खेळ्यांनंतर ४०० वाटा. तिसऱ्या खेळीला ८,९०२, पाचव्या खेळीला ४८,६५,६०९, आणि सातव्याला ३,१९,५९,०१,८६० ! पुढे मोजायचे तर एका माणसाचे यंत्र पुरत नाही. मग जगभरच्या हौशी मंडळींनी काम वाटून घेतले. वेगवेगळ्या वाटांनी तीच मांडणी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे सात खेळ्यांनंतरच्या निरनिराळ्या मांडण्या निघतात ९,६४,००,०६८. त्यांचे लाख-लाखाचे ९६५ गठ्ठे केले. ज्याला हवा त्याने एक गठ्ठा न्यावा, प्रत्येक मांडणीतून आणखी सात खेळ्या मोजाव्यात आणि बेरीज परत पाठवावी. सर्व बेरजा मिळवल्या की चौदाव्या खेळीचा आकडा हाती येतो : ६,१८,८५,०२,१५,२१,५८,५५,२९,२३७.

पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही राजाला फसवणारी गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिथे चौसष्टही घरांचे दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आजच्या नेहमीच्या संगणकाच्या एका खणात मावणारी सर्वांत मोठी संख्याही नेमकी हीच. चौदाव्या खेळीचा आकडा तिच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे राजाचे कोठार आणि यंत्राचा खण दोन्ही एकदमच ओसंडतात. (हे मामाने मला समजावले तेव्हा मी आठ वर्षांची होते. समजले फार नंतर.)

एकदा पावसाळ्यात मध्यरात्री वीज गेली आणि त्याचा कितीतरी दिवसांचा हिशेब बुडाला. सकाळी आजीने त्याच्यापुढे चहा ठेवला, एक शब्द बोलली नाही. मामाने तोच गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून लावला.

याला वेडेपणा म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. या मोजणीचा एक रोकडा उपयोग आहे. बुद्धिबळ खेळणारा कार्यक्रम रचणारा माणूस आपले नियम बरोबर बसले की नाही हे या आकड्यांवरच पडताळून पाहतो. प्याद्याने प्याद्याला जाता-जाता मारण्याचा नियम तो विसरला, तर चौथ्या खेळीपर्यंत त्याचे गणित तंतोतंत जुळते आणि पाचव्या खेळीला बरोबर २५८ कमी भरतात. पण चौदाव्या खेळीपर्यंत जाण्याची गरज त्यासाठी नाही, हे मी मान्य करते. तिथे उरते ती केवळ जिज्ञासा. विजेचे बिल आजीच्या निवृत्तिवेतनातून जात होते, हाही आक्षेप मला खरा वाटतो. खोटा वाटतो तो "काय मिळणार" हा.

कारण ही जिज्ञासा आपल्याकडची जुनीच आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात धर्मशास्त्रावर बारा मयूख लिहितो. त्यांपैकी 'व्यवहारमयूख' वारसाहक्काच्या वादांत मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. तोच गृहस्थ 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचा विषय घेतो आणि एकही घर पुन्हा न शिवता घोड्याने चौसष्ट घरे कशी फिरावीत ते श्लोकांत सांगतो! त्याला कोणी उपयोग विचारला असेल का?

घोडा पुन्हा सुरुवातीच्या घराशी जुळेल अशा फेऱ्या एकूण किती, हे मोजायला १९९६ साल उजाडावे लागले. जर्मनीतल्या लोबिंग आणि वेगेनर या दोघांनी वीस संगणक चार महिने चालवून ३,३४,३९,१२,३४,८४,२९४ हा आकडा काढला, आणि तो थेट निबंधाच्या शीर्षकातच घातला. आता पटाच्या सममितीमुळे या संख्येला चाराने भाग जायलाच हवा. तो जात नाही; शेवटचे ९४ पाहा. वीस यंत्रे, चार महिने, आणि उत्तर चूक! १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रेंडन मॅके यांनी निराळ्या रीतीने मोजून १,३२,६७,३६,४४,१०,५३२ हे उत्तर दिले. तेच आज मान्य आहे.

मला मामाच्या उद्योगात सर्वांत मोलाचे वाटते ते इथेच. एकट्याची मोजणी, मग ती कितीही यंत्रांची असो, मोजणी ठरत नाही. दुसऱ्या कुणीतरी, पहिल्याचा आकडा न पाहता, तोच गठ्ठा मोजावा लागतो. मामाच्या गठ्ठ्याची बेरीज कुठल्या तरी परदेशी माणसाच्या बेरजेशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली, तेव्हा त्याने आजीला झोपेतून उठवून सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं. आता पंखा लाव."

आपण कला शाखेचे विद्यार्थी मात्र मोजण्याला बिचकतो. "ग्रामीण कथेत बोलीचे प्रमाण वाढले" असे उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितो. किती वाढले? कुणी मोजले? आमच्या सरांना मी हे विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तूच मोज."

म्हणून मोजायचे ठरवले आहे. ग्रंथालयात आपल्याच वार्षिकांचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. त्यांतल्या कथांमधले बोलीतले संवाद मी वहीत टिपून घेणार आहे, पाच-पाच अंकांचा एक गठ्ठा करून. बोलीतले वाक्य कशाला म्हणायचे, त्याचे नियम आधी लिहून फलकावर लावीन. त्यांवर भांडण व्हावे अशी इच्छा आहे. प्रत्येक गठ्ठ्याला मला एक जोडीदार हवा. ज्यांना यायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात भेटावे. अट एकच : बेरीज होईपर्यंत माझी वही पाहायची नाही.