आधी सही, मग सप्तपदी



लग्न ठरल्याचं कळवल्यापासून एकच प्रश्न येतोय : "लग्न कुठे? जर्मनीत की नंदिगड्ड्यात?" दोन्हीकडे. पण कायद्याने लग्न एकदाच लागतं, आणि ते कुठे लावायचं यावरून आमच्या घरी अबोला होता. आपली बरीच मुलंमुली आता बाहेर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बीई करून गेली सहा वर्षं म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. होणारा नवरा जर्मन. अण्णांचं म्हणणं सरळ होतं, "अंगणात मांडव घालू, भटजी सप्तपदी करतील, जोयड्यात नोंद करू. आणखी काय लागतं?"

लागतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधू-वर दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तरच लागू होतो. नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबायचं. आमची रजा तीन आठवड्यांची!

१९६९ च्या विदेशी विवाह कायद्याखाली परदेशातल्या भारतीय वकिलातीतही लग्न लागू शकतं. एक जण भारतीय नागरिक असला की पुरे. पण जोडप्यात एक जण जर्मन असेल, तर जर्मनीत लावलेलं असं लग्न तिथला कायदा मानत नाही. तिथल्या नोंदणी कचेरीतच, म्हणजे श्टांडेसआम्टमध्येच, जावं लागतं. कागद कमी लागतात म्हणून जर्मनीतली कितीतरी जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. पण ह्याच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून तो बेत सोडला.

हे सगळं फोनवर सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे खरं लग्न तिथलं, आणि इथलं नाटक." मी दमलेली होते. "कायद्याने तसंच," म्हणून मोकळी झाले. नंतर आईच फोन उचलायला लागली.

इकडे कागदांची यादी आली : पासपोर्ट, निवासाचा दाखला, जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतरं. शिवाय 'या व्यक्तीच्या लग्नाला हरकत नाही' असा आपल्या देशाचा दाखला. जर्मनीला हवा तसा दाखला भारत देत नाही, म्हणून तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून सूट घ्यायची. ती सहा महिनेच चालते. अपोस्टिलचाही उपयोग नाही. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे. म्हणून आपले कागद खरे आहेत का, हे जर्मन वकिलात भारतात माणूस नेमून तपासते. त्यात महिने जातात.

आणि माझ्या जन्मदाखल्यात नावच नव्हतं! जन्माची नोंद लगेच झालेली, बारसं बाराव्या दिवशी. नावाचा रकाना तेव्हापासून रिकामाच. शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळी फाईल काखेत मारून अण्णांनीच जोयड्याला तीन खेपा घातल्या. मला न बोलता.

पुढे चौकशीला वकील गावात आले. शेजारच्या काकूंना त्यांनी विचारलं, "ही मुलगी अविवाहितच आहे ना?" काकू म्हणाल्या, "हो तर. का, तुमच्याकडे स्थळ आहे का?"

त्या संध्याकाळी अण्णांचा स्वतःहून फोन आला. आधी काकूंची गंमत सांगून हसले. मग म्हणाले, "बाराव्याला आजीने तुझ्या कानात नाव सांगितलं. ते सरकारला आत्ता कळलं. मधली इतकी वर्षं तुला नाव नव्हतं का?"

मी गप्प.

"मग झालं तर. तिथे सही करून या. इथलं लग्न आम्ही लावू."

तर मंडळी, असं ठरलं आहे. आधी श्टांडेसआम्टमध्ये सह्या. ह्याच्या आजी पहिल्या रांगेत, आणि नंदिगड्ड्याला रेंज मिळाली तर अण्णा-आई व्हिडिओवर. मग सुपारीचं काम आटोपलं की आमच्या अंगणात मांडव. पत्रिकेवर अण्णांनी एकच तारीख घातली आहे, इथली. माझी काही हरकत नाही.

लग्नाची खटपट सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन : हॉल आणि केटररच्या आधी त्या देशातल्या नोंदणी कचेरीकडून लेखी यादी मागून घ्या, कारण ती गावागणिक थोडी बदलते. सूट मिळाल्याशिवाय तिकिटं काढू नका. आणि लग्न ठरलेलं असो वा नसो, आज घरी गेल्यावर आपला जन्मदाखला काढून बघा. त्यात तुमचं नाव आहे ना?