विश्लेषण : साडीतला नट चालतो, मग पारलिंगी व्यक्तिरेखा का चालत नाही?

साडी नेसलेला पुरुष मराठी प्रेक्षकाला नवा नाही. बालगंधर्वांची नेसण्याची पद्धत त्या काळच्या घरंदाज बायका उचलत. आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाण यांनी वर्षानुवर्षे नाट्यगृहे हसवली, आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आजही टीव्हीवर लागला की घरातला रिमोट बाजूला पडतो. डोंबिवलीकर भाऊ कदम ‘चला हवा येऊ द्या’मध्ये स्त्रीवेशात आले की टाळ्या पडणार हे ठरलेले असायचे. मात्र सकाळच्या कल्याण लोकलमध्ये डब्याच्या दारातून टाळी ऐकू आली, की हाच प्रेक्षक मोबाइलमध्ये डोके खुपसतो. स्त्रीवेश ही नटाची करामत असेल तर तिला दाद मिळते. ती माणसाची ओळख असेल तर नजर वळते. हाच फरक मराठी-हिंदी पडद्यावरही दिसतो.

‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ने काय केले?

मराठीत या विषयाला गांभीर्याने हात घालणारे म्हणून दोन चित्रपटांची नावे कायम घेतली जातात. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मध्ये (२०१०) अतुल कुलकर्णी यांनी नाच्या साकारला. दोन्ही चित्रपट चांगलेच आहेत. पण त्यांतली सहानुभूती नेमकी कोणाच्या वाट्याला येते, हे पाहायला हवे. ‘जोगवा’तला तायप्पा रूढीमुळे जबरदस्तीने साडीत अडकतो आणि एका स्त्रीवरचे प्रेम त्याला त्यातून बाहेर काढते. ‘नटरंग’मधला गुणा पिळदार अंगाचा, कुस्तीचा शौकीन, फडाची गरज म्हणून तो नाच्या होतो आणि लोक त्याला ‘तसला’ समजतात, ही त्याची शोकांतिका. प्रेक्षक हळहळतो, कारण गुणा ‘तसला’ नाही.

मग जो खरोखर ‘तसला’ आहे, जिला साडी ही शिक्षा वाटत नाही, तिच्यासाठी ही हळहळ उरते का? या दोन चित्रपटांकडे याचे उत्तर नाही. हिंदीत तर परिस्थिती आणखी वाईट होती. ‘सडक’मधली (१९९१) महाराणी सदाशिव अमरापूरकर यांनी इतक्या ताकदीने उभी केली, की एका पिढीच्या डोक्यात तृतीयपंथी म्हणजे खलनायक हेच चित्र बसले.

ठाण्याचा संबंध कुठे?

लक्ष्मीनारायण त्रिपाठी मूळ ठाण्याच्या. २०११ मध्ये त्या ‘बिग बॉस’च्या घरात गेल्या आणि एक तृतीयपंथी व्यक्ती रोज रात्री लोकांच्या दिवाणखान्यात स्वतःच्या तोंडाने बोलू लागली. पाठोपाठ ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीत आले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ निकालात तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. त्या लढ्यातील श्रीगौरी सावंत यांच्या आयुष्यावर रवी जाधव यांनीच २०२३ मध्ये ‘ताली’ ही वेब मालिका केली. ‘नटरंग’नंतर तेरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या नायिकेला साडी शिक्षा वाटत नाही, ती तिला हवी असते. हा प्रवास मोठा आहे.

तरी मुख्य भूमिकेत सुश्मिता सेन होत्या. मोठ्या नावाशिवाय पैसा उभा राहत नाही, हा निर्मात्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण पारलिंगी कलाकाराला संधीच द्यायची नाही आणि मग ‘नाव कुठे आहे?’ असे विचारायचे, यातून वाट निघत नाही. ‘कारभारी लयभारी’ मालिकेत गंगा या पारलिंगी कलाकाराने काम केले, तेव्हा छोट्या पडद्याचे काही बिघडले नाही.

समलिंगी व्यक्तिरेखांचे काय?

समलिंगी असणे आणि पारलिंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी. बातम्यांत मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने आणि त्याच सुमारास आलेल्या ‘उंबरठा’ने स्त्रियांमधल्या आकर्षणाचा विषय मांडला, तो चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी. त्यानंतर मोठी शांतताच म्हणायची. रोहन कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांची ही गोष्ट. त्यातल्या आईला मुलाबद्दल सगळे माहीत आहे, आणि तरी घरात आकांत नाही. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात, तो मात्र कुठल्याही मराठी घरात काढतात तसाच.

अ‍ॅनिमेशन आणि गेममध्ये भाषा कुठे आड येते?

मुलांचा पडदा आता मोबाइल आहे आणि तिथे जगभरचा माल येतो. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेतली दोन प्रेयसींची जोडी अमेरिकी इंग्रजी डबिंगमध्ये चक्क ‘कझिन’ करून टाकली होती. ‘लाइटइयर’वर (२०२२) एका चुंबनामुळे काही देशांत बंदी आली. गेममध्ये बदल जास्त वेगाने झाला. ‘द सिम्स ४’ने २०१६ मध्ये पात्राचे कपडे, आवाज, चाल यांवरची स्त्री-पुरुष अट काढली. २०२० च्या ‘टेल मी व्हाय’मध्ये टायलर हा पारलिंगी तरुण नायक झाला.

हे मराठीत आणायचे तर खरी परीक्षा डबिंगच्या टेबलावर होईल. इंग्रजीत टायलर आपल्या बालपणाबद्दल बोलतो, तेव्हा क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘मी इथे खेळलो’ की ‘मी इथे खेळले’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. विनोदी स्किटमध्ये नेमका याच जागी हशा पिकवला जातो, आणि बातमीत पारलिंगी स्त्रीला ‘तो’ लिहिले जाते तेही इथेच. टायलर स्वतःला मुलगा मानतो, म्हणून ‘खेळलो’. संवादलेखकाने तेवढे त्याला विचारायचे आहे.