थोडें फेंकावें कीं पुष्कळ?

अमेरिकन फूटबॉलमध्यें क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. चेंडू पुढें फेंकणें, किंवा सोबत्याच्या हातीं देऊन त्यास धांवावयास लावणें, हें त्याचें काम. तो जितका कमी फेंकील तितका चांगला खेळतो, असें कित्येकांचें मत आहे. प्रमाण म्हणून १९७४ सालचा ‘सुपर बोल’ हा अजिंक्यपदाचा सामना दाखवितां येईल. त्यांत मायामीच्या बॉब ग्रीसीनें अवघ्या ७ फेंकी केल्या, ६ साधल्या, आणि मिनेसोटावर २४–७ असा जय मिळाला.

परंतु येथें कार्यालाच कारण समजण्याची चूक होते. त्या दिवशीं लॅरी झोंकानें ३३ वेळां धांवून १४५ यार्ड मिळविले. मग फेंकण्याची गरज ती काय उरली? फेंक चुकली कीं घड्याळ थांबतें. म्हणून आघाडीवरील संघ धांवून वेळ काढतो, आणि मागें पडलेल्यास फेंकण्यावांचून गति नसते. २०१७ सालीं अटलांटाविरुद्ध ३–२८ असा मागें पडलेला न्यू इंग्लंडचा संघ टॉम ब्रेडीच्या ६२ फेंकींच्या बळावर ३४–२८ असा विजयी झाला. ब्रेडीस कमी प्रतीचा कोण म्हणेल?

तेव्हां आमच्या मतें केवळ संख्येवरून योग्यता ठरवूं नये. सोबत्यांचें बळ ओळखून हात आंवरणें, आणि संकटसमयीं तोच हात न कचरतां उचलणें, यांतच खरें कसब आहे. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंतहि पुरवण्या मोजून गुण मिळत नाहींत!